पोरं प्रश्न घेऊन दारात येतील तेव्हा



आजच्या बोलण्याआधी तुम्हाला एक कोडं घालतो. हातातलं काम सोडू नका. तांदूळ निवडता निवडता, पाला खुडता खुडता नुसतं मनात मोजा. जुन्या, विरलेल्या सुती साडीचं काय काय करता येतं?

गोधडी तर झालीच. बाळाची झोळी, डोईवरच्या हंड्याखाली चुंबळ, पायपुसणं, उशीचा अभ्रा. सांडगे-पापड घालायला अंथरूण. ताक गाळायला फडकं. वेलाला बांधायला पट्ट्या. डुकरं शिरू नयेत म्हणून शेताच्या कडेला रंगीत कुंपण. पीळ घालून दोरी. एका गटात आम्ही हे विचारलं तर बायका थांबेचनात. एक आजी म्हणाली, "अगं, मी तर साडीचा काठ काढून देवाला तोरण केलं."

हे कोडं आमचं नाही. अमेरिकेत गिलफर्ड नावाचे एक मानसशास्त्रज्ञ होते. १९५० साली तिथल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेचे अध्यक्ष म्हणून भाषण करताना ते म्हणाले की माणसाला नवं कसं सुचतं याचा आपण अभ्यासच केलेला नाही. मग त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवं सुचण्याची ताकद मोजायला काही प्रश्न तयार केले. त्यातला एक फार गाजला: एका साध्या विटेचे किती उपयोग सांगता येतील? उत्तरं किती, हे ते मोजतात. किती तऱ्हेची, हेही बघतात. आणि दुसऱ्या कुणालाच न सुचलेलं एखादं आहे का, हे शोधतात. विटेच्या जागी आम्ही साडी ठेवली, एवढंच.

आता आम्ही कोण ते सांगतो. आम्ही नवी मुंबईत कॉलेजात शिकवणाऱ्या चौघी. सुटीच्या दिवशी पनवेल-उरणच्या गावांत बचतगटांबरोबर बसतो. हेच साडीचं कोडं आम्ही पहिल्या वर्षाच्या वर्गातही घातलं. पोरं हुशार, बारावी चांगल्या मार्कांनी पास झालेली. वर्ग गप्प. मग मागून एक हात वर आला. पोरानं विचारलं, "मॅडम, हा प्रश्न किती मार्कांचा?"

आम्ही त्याला हसलो नाही. बारा वर्षं त्याला हेच शिकवलंय. उत्तर एकच असतं, ते गाईडमध्ये छापलेलं असतं आणि त्याला मार्क असतात.

ही पोरं कोण? ती तुमचीच आहेत. सिडको १९७० साली स्थापन झाली. नवी मुंबई वसवायला ठाणे, पनवेल आणि उरण या तिन्ही तालुक्यांतल्या पंच्याण्णव गावांची जमीन घेतली गेली. भाताची शेतं गेली, मिठागरं गेली. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासई आणि दास्तान फाट्याला जे आंदोलन झालं, त्यात गोळीबारात पाच जण गेले. त्याच गावांची नातवंडं आज वाशी, नेरूळ, खारघर, पनवेलच्या कॉलेजांत आहेत. दुसरी पोरं घाटावरची. वाशीच्या बाजार समितीत पाठीवर पोती वाहणारे माथाडी बरेचसे सातारा आणि तिकडच्या जिल्ह्यांतले. त्यांची घरं कोपरखैरणे, घणसोलीला. त्यांची लेकरं इथं शिकतात आणि दिवाळीला, यात्रेला तुमच्या गावी येतात. तेव्हा हा विषय शहराचा आहे असं समजून रेडिओ बंद करू नका.

जमीन गेली, त्यामुळे घरानं सगळी भिस्त शिक्षणावर ठेवली. आणि ते शिक्षण कसं चाललंय, तर प्रकल्प विकत मिळतो. कॉलेजाच्या फाटकासमोर झेरॉक्सची दुकानं असतात. तिथं विषय सांगायचा, पैसे द्यायचे, संध्याकाळी स्पायरल बाइंडिंग करून फाईल हातात. गेल्या वर्षीचीच, वर नाव बदललेलं. आता तर दुकानाचीही गरज नाही. मोबाईलला विचारलं की मिनिटात दहा पानं लिहून देतो, तीही शुद्ध भाषेत. पदवी हातात येते आणि मुलाखतीला समोरचा विचारतो, "बाळ, तू स्वतः काय केलंस?" तिथं पोरगं अडतं. घरी येऊन आईला सांगतं की ओळख नव्हती म्हणून नोकरी गेली. कधी कधी ते खरंही असतं. पण नेहमी नाही.

मग करायचं काय? शिक्षणातल्या मंडळींनी यासाठी एक शब्द काढलाय, समृद्ध शिक्षण. ऐकायला भारी. आम्हाला तो समजावून सांगायला मटकी बरी पडते. मटकी तीच. तिच्यात बाहेरून काही घालत नाही. पाणी, फडकं आणि एक रात्र. सकाळी मोड येतात आणि तीच मटकी अंगी लागते. अभ्यासक्रमात आणखी चार विषय कोंबले म्हणजे शिक्षण समृद्ध होत नाही, उलट पोर वाकतं. आहे तोच धडा घ्यायचा, त्याला खऱ्या जगाचं पाणी लावायचं आणि वेळ द्यायचा.

एक उदाहरण सांगतो. कॉलेजाचं नाव सांगत नाही. रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला पाण्यातले क्षार मोजायचा प्रयोग असतो. बाटलीतलं पाणी, ठरलेलं उत्तर, वहीत नोंद, सही, संपलं. त्या वर्षी मुलांना सांगितलं की पाणी तुम्हीच आणा, आणि कुठून आणलं, का आणलं ते सांगा. बहुतेकांनी घरच्या नळाचं आणलं. एका मुलीनं मात्र आजीच्या शेतातलं आणलं. खाडीलगतचं शेत, बांध फुटलेला, भरतीचं पाणी आत येतं, भात होत नाही. तिचा प्रश्न साधा होता: खारं पाणी नक्की कुठपर्यंत पोचलंय?

प्रयोगशाळेत नाही, तर आजीच्या मागून बांधावर चालता चालता ती खरं शिकली. आजीनं तिला दाखवलं की खेकडे बांधाला कुठं भोकं पाडतात, उघाडीची फळी कुठं कुजलीय, माती खारी व्हायला लागली की आधी गवत कसं बदलतं. पोरीनं ठिकठिकाणची माती आणि पाणी घेतलं, मोजलं, कागदावर शेताचा नकाशा काढून रंग भरले. आजी जिथं बोट ठेवत होती, बहुतेक तिथंच खारटपणा वाढलेला निघाला. एके ठिकाणी मात्र आजीचा अंदाज चुकला. तिथं माती वरून चांगली दिसत होती, खाली मीठ होतं. आजीला ते पटायला दोन दिवस लागले!

मग पोरगी शोधत पुढे गेली. खाऱ्या जमिनीसाठी भाताचे वेगळे वाण आहेत हे तिला कळलं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं खारभूमी संशोधन केंद्र पनवेललाच आहे आणि तिथून निघालेल्या वाणांना पनवेल १, पनवेल २, पनवेल ३ अशीच नावं आहेत. तिच्या पुस्तकात हे नव्हतं, आजीलाही माहीत नव्हतं. दोघींच्या मधे ते सापडलं. त्या फाईलीची नक्कल कुठल्या दुकानात मिळणार? मोबाईल तरी कशी देणार? तिच्या आजीच्या बांधाला किती भोकं आहेत हे त्याला ठाऊक नाही.

सगळ्यांनाच विज्ञान हवं असंही नाही. आगरी लग्नात धवला गातात, तुमच्यातल्या पुष्कळजणींना ठाऊक असेल. धवलारीण गाते आणि लग्नाचे विधी तिच्या गाण्यावर चालतात. या बाया आता थोड्या उरल्यात. मराठी घेतलेल्या मुलामुलींनी आपापल्या गावच्या धवलारणींकडे बसून गाणी उतरवून घ्यावीत, शब्दांचे अर्थ विचारावेत, हे किती सोपं काम आहे. आणि किती मोठं. मोबाईलवर ध्वनिमुद्रण करायला खर्च नाही. वाणिज्य शाखेच्या पोरांनी बचतगटाची वही बघावी. व्याजाचं गणित पुस्तकात वाचणं वेगळं आणि सतरा बायकांच्या सह्या-अंगठ्यांतून ते सोडवणं वेगळं.

हातानं काम आणि डोक्यानं शिकणं एकत्र असावं, हा विचार आपल्याकडे जुना आहे. तो परदेशातून आलेला नाही. वाशीला कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाचं कॉलेज आहे, ते रयत शिक्षण संस्थेचं. ही संस्था भाऊरावांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातल्या काले गावी सुरू केली. पुढे साताऱ्याला वसतिगृह झालं. सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला जेवायची, शेतात राबायची, शिकायची. कमवा आणि शिका ही योजना त्यातूनच आली. वसतिगृहात धान्य संपलं तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. भाऊरावांची गोष्ट सांगताना लोक हे एका वाक्यात सांगून पुढे जातात. आम्हाला वाटतं तिथं जरा थांबावं. त्या मुलांच्या शिक्षणात त्या बाईचा वाटा नुसता दागिन्यांचा नव्हता. रोज इतक्या पोरांचं जेवणखाण, आजारपण, भांडणं कोण बघत होतं?

दुसरी जागा म्हणजे पुणे जिल्ह्यातलं पाबळ, शिरूर तालुका. श्रीनाथ कलबाग नावाचे शास्त्रज्ञ मुंबईतली मोठ्या कंपनीची नोकरी सोडून तिथं गेले आणि १९८३ साली त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सुटलेली, नापास झालेली पोरं त्यांनी घेतली. पोरं गावाची खरी कामं करायची: वेल्डिंग, बांधकाम, विजेची दुरुस्ती, शेती. जमिनीत पाणी कुठं आहे हे यंत्रानं तपासून सांगायची. काम गावाचं, म्हणून चुकलं तर गाव बोलायचं, आणि बरोबर आलं तर पैसे द्यायचं. लोखंडी सांगाड्याच्या घुमटाची घरं त्यांनी बनवली, ती पाबळ घुमट म्हणून ओळखली जातात. २००२ साली अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाशी जोडलेली फॅब लॅब, म्हणजे संगणकावर आखलेली वस्तू यंत्रानं कापून-घडवून देणारी कार्यशाळा, पाबळला उभी राहिली. अमेरिकेबाहेर ती पहिल्यांपैकी एक. जी पोरं वर्गात ढ ठरली होती, त्यांच्यासाठी हे सगळं झालं. कॉलेजातल्या पोरांनी त्यांच्याकडून शिकावं असं खूप आहे.

आता वेळेबद्दल. इथं आम्हाला जरा जास्त बोलायचंय.

ग्रॅहम वॉलस नावाच्या इंग्रज लेखकानं १९२६ साली सांगितलं की नवं सुचण्याचे चार टप्पे असतात. आधी तयारी. मग विषय बाजूला ठेवून मुरू देणं. मग अचानक सुचणं. आणि शेवटी सुचलेलं तपासून बघणं. आपली मटकीच की! भिजवली, बांधून ठेवली, मोड आले, खडे काढून शिजवली. यातला दुसरा टप्पा लोकांना आळस वाटतो. फडक्यात बांधलेली मटकी बाहेरून काहीच करत नसते. पण ती दर तासाला सोडून बघितली तर मोड येत नाहीत.

पोरगं गच्चीवर बसून आकाशाकडे बघतंय, तर आपण म्हणतो, बसू दे, अभ्यास करून दमलंय. पोरगी बसली तर? कॉलेजातून आली की आधी भांडी, मग भाकरी, मग धाकट्याचा अभ्यास. रात्री दहाला तिची वही उघडते. आमच्या वर्गातल्या मुलींना आम्ही विचारलं की दिवसात तुमचा एकटीचा, रिकामा वेळ किती? पुष्कळजणींनी लोकलमधला सांगितला, तोही बसायला जागा मिळाली तर. मुली मुलांपेक्षा जास्त मार्क मिळवतात, हे आम्ही दरवर्षी बघतो. पण वेगळं काही करून बघायची वेळ आली की मागे राहतात. डोकं कमी आहे म्हणून नाही. मुरायला जागाच नाही म्हणून.

एका गटात हे बोललो तेव्हा एक काकू चिडल्या. म्हणाल्या, "आम्हाला कुठं मिळाला वेळ? आम्ही नाही निभावलं?" त्यांचं खोटं नाही. त्यांनी निभावलं. त्यांना नंतर आम्ही एवढंच विचारलं की वेळ मिळाला असता तर काय केलं असतं. काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मला नकाशे आवडायचे."

बरं, वाटा कुठं कुठं आहेत ते सांगतो. लिहून घ्यायचं तर घ्या.

पहिली राष्ट्रीय सेवा योजना, म्हणजे एनएसएस. २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात ती सुरू झाली. विद्यार्थ्यानं वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास काम करायचं आणि दत्तक घेतलेल्या गावात सात दिवसांचं शिबिर. तुमच्या गावच्या शाळेत थंडीच्या दिवसांत पोरं गाद्या टाकून राहतात, सकाळी प्रभातफेरी काढतात, ती हीच.

दुसरी मुंबई विद्यापीठाच्या आजीवन अध्ययन आणि विस्तार विभागाची. नाव लांबलचक, काम मात्र तुमच्या जवळचं. तिथं विद्यार्थ्यांना विस्तारकार्याचे प्रकल्प असतात, त्यात एक आहे स्त्रियांच्या स्थितीचं सर्वेक्षण. घरोघरी जाऊन बायकांशी बोलायचं. दुसरा अन्नपूर्णा योजनेचा, खाण्याचे पदार्थ करून विकायचे आणि हिशेब शिकायचा. १२० तास काम पुरं केलं तर दहा मार्कही मिळतात. ज्या पोराला मार्कांशिवाय हलायचं नाही, त्याला ही वाट दाखवा.

विद्यापीठाचा युवा महोत्सव तर तुम्हाला ठाऊकच असेल. एकांकिका, लोकनृत्य, मूकनाट्य, वक्तृत्व, रांगोळी. शिवाय राज्यपालांच्या पुढाकारानं २००६ पासून आविष्कार नावाची संशोधन स्पर्धा होते. कॉलेजातून विद्यापीठात आणि तिथून राज्यपातळीवर. त्यात भाषा आणि कलांपासून शेती-पशुपालन, औषधं, यंत्रं असे वेगवेगळे विभाग असतात. आजीच्या बांधावरचा तो नकाशा अशाच ठिकाणी मांडायचा.

विज्ञान घेतलेल्यांसाठी आणखी एक जागा आहे. वाशीचा पूल ओलांडला की मानखुर्द. तिथं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, १९७४ सालापासून विज्ञान कसं शिकवावं यावर काम करणारं. २००४ पासून ते पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी एक उपक्रम चालवतात. निवड झालेली पोरं सुटीत शिबिराला जातात आणि मग शास्त्रज्ञांच्या हाताखाली खरं संशोधन करतात, ज्याचं उत्तर आधीपासून कुणालाच माहीत नसतं. खाडीच्या या काठावरच्या किती पोरांना पलीकडे हे आहे याचा पत्ता असतो? आम्ही वर्गात विचारतो तेव्हा हात थोडेच वर येतात.

आणि नवी गोष्ट म्हणजे आता पदवीचा अभ्यासक्रमच बदललाय. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे क्षेत्र प्रकल्प, समाजात जाऊन काम, कामाच्या ठिकाणी प्रशिक्षण हे पदवीतच आलंय. त्याला श्रेयांक असतात, आणि एका श्रेयांकासाठी साधारण तीस तास काम धरतात. म्हणजे पूर्वी हौशी पोरं तेवढी गावात यायची, आता सगळ्यांनाच कुठंतरी जावं लागणार. मैत्रिणींनो, ती कुणाच्या दारात येणार? तुमच्याच.

आणि इथंच घोळ होऊ शकतो. एका गटानं आम्हाला सांगितलं ते जसंच्या तसं सांगतो. एका कॉलेजची पोरं आली, चाळीस जण. बायकांना काम सोडून मंदिरात बसवलं, प्रश्नांचे कागद भरून घेतले. शौचालय आहे का, कर्ज आहे का, नवरा मारतो का. सगळ्यांसमोर! फोटो काढले आणि गेली. पुन्हा कुणी आलं नाही. त्या बाया म्हणाल्या, आम्ही काय प्राणिसंग्रहालय आहोत? बरोबर आहे त्यांचं. त्या पोरांना मार्क मिळाले असतील, पण शिकली काही नाहीत.

म्हणून तुम्ही अटी घाला. अगदी हक्कानं घाला. पोरं आली की चहा नंतर, आधी विचारा, "बाळांनो, तुमचा प्रश्न काय आहे?" कागदावरचा नको, तोंडी सांगा. सांगता आलं नाही तर त्यांना परत पाठवा, विचार करून उद्या या म्हणावं. थोडा राग येईल त्यांना, येऊ द्या. घरातलं, नवऱ्याबायकोचं असं काही चारचौघांत विचारू द्यायचं नाही. फोटो विचारूनच. आणि मुख्य म्हणजे जे शोधाल ते आमच्या भाषेत, आमच्या गटासमोर येऊन सांगायचं, मगच वहीवर आमची सही.

त्यापेक्षाही चांगलं म्हणजे प्रश्न तुम्हीच द्या. उरणकडच्या एका गटाचं असंच झालं. बायका सुकट-बोंबील वाळवून विकतात. रस्त्याकडेला वाळवणं, वर धूळ, माश्या, मांजरं, आणि अवकाळी पाऊस आला की सगळा माल वाया. अभियांत्रिकीची चार पोरं आली होती वेगळ्याच कामाला. बायका म्हणाल्या, तुमचं राहू दे, आमचं हे बघा. पोरांनी काच आणि काळा पत्रा लावून उन्हाची पेटी बनवली. मोठ्या ऐटीत आणली. पहिल्या दिवशी आत इतकी वाफ धरली की बोंबील वाळायच्या ऐवजी शिजले. बायका हसून लोळल्या. पण एक मावशी पेटीभोवती फिरून म्हणाली, "हिला खालून वारा नाही. घरात आपण धुराला वाट ठेवतो ना?" पोरांनी खाली भोकं पाडली, वर नळकांडं बसवलं, जाळी लावली. दुसऱ्या खेपेला माल बरा वाळला. मग बायकांनी ट्रेची उंची बदलायला लावली, कारण वाकून कंबर दुखत होती. पोरांनी कंबरेचा विचारच केला नव्हता. गरम हवा वर जाते हे त्यांनी शाळेत घोकलं होतं, मावशीनं चुलीपुढे बसून शिकलं होतं.

ती पेटी काही जग बदलणारी नाही. मोठ्या ढिगाला पुरत नाही, अजूनही बराच माल बाहेरच वाळतो. पण त्या चारांतला एकजण नंतर आम्हाला भेटला तेव्हा म्हणाला की चार वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्याला, हे चालत नाही, असं तोंडावर सांगितलं होतं. मास्तर नुसते मार्क कापायचे.

राहिला मुलींचा प्रश्न, शिबिराला पाठवण्याचा. सात रात्री पोरगी बाहेर. आईचा जीव वर-खाली होणारच, तुम्ही काळजी करू नका असं आम्ही म्हणणार नाही. काळजी करा, पण नुसतं नाही म्हणण्याऐवजी चौकशी करा. रात्री मुक्कामाला कोणत्या मॅडम आहेत, त्यांचा फोन नंबर काय? मुली झोपणार कुठं, दाराला आतून कडी आहे का, संडास-न्हाणी किती लांब? आजारी पडली तर दवाखाना कुठला? घरी फोन कधी करू देणार? ही उत्तरं देणं कॉलेजचं काम आहे. उत्तरं नीट देणाऱ्या कॉलेजवर भरवसा ठेवता येतो. एका आईनं तर सरळ सांगितलं, मी दुसऱ्या दिवशी येऊन बघून जाईन. आली. शाळेच्या पडवीत पोरी पथनाट्य बसवत होत्या आणि सासूचं काम कुणालाच जमत नव्हतं. आई तिथंच उभी राहून म्हणाली, "असं नाही, सासू अशी बोलते," आणि तिनं करून दाखवलं. पोरींनी टाळ्या पिटल्या. संध्याकाळची एसटी तिची चुकली. ती रात्री तिथंच राहिली.

शिबिरं साधारण दिवाळीनंतर लागतात. तोवर गटाच्या बैठकीत एक काम करून ठेवा. वहीच्या मागच्या पानावर आपल्या गावचे प्रश्न लिहा, पोरांना देण्याजोगे. रस्ता करा, पाणी द्या असे सरकारला विचारायचे नाहीत. कशामुळे, कसं, किती असे. विहिरीचं पाणी मार्चनंतर पिवळं का पडतं? आमच्या पापडाला दुसऱ्या महिन्यात वास का लागतो? गटातल्या कुणाला जुनी गाणी सर्वांत जास्त येतात? एका बैठकीत पाच निघाले तरी पुष्कळ. पोरं आली की पान उघडून समोर ठेवा आणि म्हणा, यातला कुठला घेता?

आमचं आजचं बोलणं इथंच थांबवतो. साडीच्या कोड्याची तुमची उत्तरं केंद्रावर पोस्टकार्डानं किंवा तोंडी निरोपानं कळवा. देवाच्या तोरणाच्या पुढचं एखादं सापडतंय का, बघू. नमस्कार.